टॉलपडल : सहा मजुरांचे गाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डॉर्सेट नावाचा परगणा आहे. त्यातील डॉर्चेस्टर शहराजवळ, पिडल नदीच्या काठी, टॉलपडल हे लहानसे खेडे वसले आहे. अकराव्या शतकात एडवर्ड राजाच्या पदरी असलेल्या उर्क नावाच्या माणसाची विधवा टोला हिने येथील जमीन अ‍ॅबट्सबरीच्या मठाला दान दिली. तिचेच नाव गावाला मिळाले. सेंट जॉनचे जुने दगडी चर्च, गवताने शाकारलेली घरे, छोटेसे हिरवे पटांगण आणि त्यावर एक जुनाट सायकामोर वृक्ष, एवढेच गावाचे वैभव. त्या वृक्षाचे वय तीनशे वर्षांहून अधिक असल्याचे तज्ज्ञांनी ठरविले आहे.

कोणा राजाची राजधानी येथे नव्हती. तरीही जगभरच्या कामगारांना हे नाव ठाऊक आहे. का, ते पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडमधील बरीचशी गायराने कुंपणात गेली होती. ज्याची एखादी गाय त्या गायरानात चरत होती, तो केवळ रोजंदारीचा धनी झाला. टॉलपडलच्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली, आणि पुढे सहा होणार असे सांगण्यात आले. तेव्हा १८३३ साली जॉर्ज लव्हलेस या मजुराने शेतमजुरांचे एक मंडळ काढले. तो मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार होता. वाचायला-लिहायला आपल्या हिमतीवर शिकला होता. या मंडळाने ना संप केला, ना कोणाची गंजी पेटविली.

आणि संघटना करणे त्या वेळी गुन्हाही नव्हता. ती बंदी १८२४ सालीच उठली होती. मग मजुरांना पकडायचे कशात? मंडळात येणारा मनुष्य डोळे बांधून गुप्ततेची शपथ घेत असे. आरमारातील बंडानंतर १७९७ साली झालेला बेकायदा शपथांचा कायदा सरकारने शोधून काढला. २४ फेब्रुवारी १८३४ रोजी सहा जण धरले गेले : जॉर्ज व जेम्स लव्हलेस हे भाऊ, टॉमस व जॉन स्टँडफील्ड हे बापलेक, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. ज्यूरीत मजुराला जागाच नव्हती. मार्चमध्ये सर्वांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली व त्यांची रवानगी ऑस्ट्रेलियाकडे झाली. मागे राहिलेल्या बायकापोरांना गावनिधीतील मदतही नाकारण्यात आली.

२१ एप्रिलला लंडनमध्ये कामगारांचा प्रचंड मोर्चा निघाला. अर्जांचा व सभांचा रेटा वाढत गेला, आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली.

हा डाव एकट्या इंग्लंडचा नव्हे. मद्रासेत १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली, तेव्हा मालकांनी न्यायालयातून तिच्याविरुद्ध मनाईहुकूम मिळविला. नोंदलेल्या संघटनेला कटाच्या आरोपापासून संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे त्यानंतर, १९२६ साली झाला. हक्क कागदावर मिळाला म्हणजे हाती आला असे नव्हे, ही गोष्ट कामगाराने गाठीशी बांधावी.

सुटलेल्या सहांपैकी पाच जण प्रथम एसेक्स परगण्यात व पुढे कॅनडात जाऊन स्थायिक झाले. माफी मिळाली, पण गाव मिळाले नाही. एकटा हॅमेट टॉलपडलला परतून राहिला. बांधकामावर मजुरी करून त्याने दिवस काढले. १८९१ साली डॉर्चेस्टरच्या अनाथ-दुबळ्यांच्या सरकारी आश्रयगृहात तो वारला.

शंभर वर्षे भरली तेव्हा, १९३४ साली, ब्रिटिश कामगार संघटनांच्या महासंघाने गावात वृद्ध शेतमजुरांसाठी सहा घरे बांधली. प्रत्येक घराला त्या सहांपैकी एकाचे नाव आहे, एक हॅमेटचेही. दर जुलैत कामगार तेथे जमतात आणि त्याच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहतात. आम्हांला मात्र त्या पुष्पचक्राहून घरे मोलाची वाटतात. हॅमेटला म्हातारपणी स्वतःचे छप्पर मिळाले नाही. त्याच्या मागून आलेल्या मजुरांना ते त्याच्याच गावात मिळाले. संघटनेचे स्मारक याहून वेगळे काय असावे?