कंदिलाची काच

कंदिलाची काच हे रॉकेलच्या कंदिलातील ज्योतीभोवती बसविले जाणारे पारदर्शक काचपात्र होय. ते वर आणि खाली उघडे असून मध्यभागी फुगीर असते. ज्योतीचे वाऱ्यापासून रक्षण करणे आणि ज्वलनासाठी हवेचा प्रवाह नियमित ठेवणे, ही त्याची दोन मुख्य कार्ये आहेत. यंत्रयुगापूर्वी ही काच कारागीर तोंडाने फुंकून घडवीत असत.

पूर्वपीठिका

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिनीव्हा येथील एमे आरगां याने पोकळ, नळीच्या आकाराची वात असलेला दिवा तयार केला. अशा दिव्यांवर काचेची नळी बसविण्याची पद्धत पॅरिसमध्ये लोकप्रिय झाली. तेथील औषधविक्रेता कँके याच्या नावावरून फ्रेंच भाषेत अशा दिव्याला ‘कँके’ हेच नाव पडले. काचेमुळे तापलेली हवा वर जाते व खालून ताजी हवा वातीकडे ओढली जाते. त्यामुळे काजळी कमी होऊन उजेड वाढतो.

महाराष्ट्रातील निर्मिती

पहिल्या महायुद्धापूर्वी भारतात काचसामान मुख्यतः ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम आणि जपान येथून येई. स्वदेशी चळवळीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा या हिशेबाने पैसाफंड जमविला. त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला आणि तेथे तरुणांना या धंद्याचे शिक्षणही मिळू लागले. महायुद्धामुळे परदेशी माल दुर्मीळ झाला असताना, १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ आपला कारखाना उभारला. औंध संस्थानाचे त्यास प्रोत्साहन होते. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव. त्याचा दुसरा अर्थ सूर्य. कारखान्याभोवतीची वसाहत ओगलेवाडी म्हणून ओळखली जाते.

घडण व ओळख

वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून काचरस तयार करतात. कारागीर लोखंडी फुंकनळीच्या टोकावर त्याचा गोळा घेतो आणि साच्यात धरून फुंकतो. तयार झालेले पात्र हळूहळू थंड करावे लागते. घाई झाल्यास आतील ताण राहून ते पुढे अचानक तडकते.

हातघडणीच्या काचेत बारीक बुडबुडे, सूक्ष्म लाटा आणि जाडीतील फरक आढळतात. वाळूतील लोहामुळे काचेस हिरवट झाक येते. ती घालविण्यासाठी मँगॅनीज वापरले असल्यास दीर्घकाळ उन्हात राहून काच जांभळट होऊ शकते. कारखान्याच्या दृष्टीने हे दोष असले, तरी त्यांच्यातून जाणारा उजेड किंचित थरथरता व मृदू दिसतो. जुन्या कंदिलांच्या संग्राहकांना मूळ काचेचे मोल वाटते ते यामुळेच. फुटलेल्या काचेच्या जागी नवी बसविता येते. मात्र कारागिराच्या श्वासाचा हा ठसा पुन्हा मिळत नाही.

वापर

काच राखेने व मऊ कापडाने पुसण्याची पद्धत होती. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडल्यास ती तडकते, कारण काच उष्णतेची मंदवाहक असून तिचे आकुंचन सर्वत्र सारखे होत नाही.

विजेपासून दूर राहिलेल्या वनप्रदेशात कंदिलाची गरज दीर्घकाळ टिकली. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. १९८२ मध्ये स्वतंत्र गडचिरोली जिल्हा झाला. प्रकाश व मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याने तेथे सुरुवातीची अनेक वर्षे विजेविना काम केले आणि रात्री रुग्णांवर कंदिलाच्या उजेडात उपचार केले. अशा ठिकाणी काच धुरकटणे किंवा फुटणे ही किरकोळ बाब नसे.

सद्यःस्थिती

विजेच्या प्रसारानंतर कंदिलाची मागणी घटली. ओगलेवाडीचा कारखानाही पुढे बंद पडला. गावाचे नाव व जुन्या घरांच्या माळ्यावरील कंदील एवढी त्याची खूण उरली आहे.