चिलटाच्या रक्तातला पहारा

केळी पिकली की त्यांच्याभोवती चिलटं जमतात आणि आपण ती हाताने हाकलतो. आज त्या चिलटांच्या रक्ताची गोष्ट सांगते. चिलटाला रक्त असतं, पण ते लाल नसतं, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. एक खुलासा आधीच केलेला बरा: कारल्यात, पेरूत अंडी घालणारी, जिच्यासाठी आपण शेतात सापळे टांगतो, ती फळमाशी वेगळी. या चिलटाला शास्त्रज्ञ ड्रोसोफिला म्हणतात.

१९१०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन हे प्राध्यापक दुधाच्या बाटल्यांत केळं घालून ही चिलटं पाळायचे. आईबापाचे गुण पोरांत कसे उतरतात, हे त्यांना पाहायचं होतं. चिलटाची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, त्यामुळे वाट फार बघावी लागत नाही.

मॉर्गनच्या चमूकडच्या एका वाणात अळ्यांच्या अंगात काळे ठिपके दिसायचे, आणि ठिपके आलेल्या अळ्या मरायच्या. मेरी स्टार्क या बाईंनी त्यांचा पिच्छा पुरवला. हा दोष पिढीजात आहे, असं त्यांनी १९१८ साली छापून दाखवून दिलं. त्यांनी त्याला गाठ म्हटलं, कर्करोगाच्या गाठीसारखी. अळीच्या गाठीत कुणाला रस असणार? मॉर्गनना पुढे नोबेल मिळालं. स्टार्कबाईंचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे.

ते काळे ठिपके म्हणजे काय, हे उलगडायला काही दशकं गेली. अमेरिकेत ताहिर आणि रोझ रिझ्की यांनी चिलटाच्या रक्तपेशी बारकाईने पाहिल्या. त्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या. बहुतेक सगळ्या पेशी जंतू गिळणाऱ्या. थोड्या पेशी जखम काळी करून बंद करणाऱ्या. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तसाच काहीसा प्रकार. तिसऱ्या पेशी चपट्या आणि मोठ्या. त्या एरवी दिसतसुद्धा नाहीत, गरज पडली तरच तयार होतात.

गरज कधी पडते? तुमच्यापैकी काहीजणींनी उसात ट्रायकोकार्ड लावलं असेल. त्यातला बारीक कीटक खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतो. त्याचीच दूरची भावंडं चिलटाच्या जिवंत अळीत अंडं टोचतात. मग अळीच्या हृदयनळीला लागून असलेल्या ग्रंथीत, जिथे कच्च्या रक्तपेशी राखून ठेवलेल्या असतात, तिथे धावपळ उडते. चपट्या पेशी भराभर तयार होतात, परक्या अंड्याला थरावर थर गुंडाळतात आणि ते काळं पडून आत गुदमरतं. जमलं तर अळी वाचते, नाही तर तिच्यातून चिलटाऐवजी शत्रूच बाहेर पडतो. स्टार्कबाईंच्या अळ्यांत असं अंडं नव्हतंच. शत्रू नसताना पहारेकरी आपल्याच अंगावर धावून गेले की असे काळे गोळे होतात.

दुसरा धागा जर्मनीतला. क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोल्हार्ड या शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने १९८५मध्ये चिलटाच्या एका जनुकाचं वर्णन केलं. या जनुकामुळे अंड्यातल्या जिवाची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरतं. त्याला नाव पडलं ‘टोल’. हा जर्मन शब्द आहे, ‘कमालच!’ अशा अर्थाचा. आपल्या टोलनाक्याशी त्याचं नातं नाही. पुढे कळलं की टोल गरजेपेक्षा जास्त जागं राहिलं तर अळीत तेच काळे गोळे होतात.

१९९६ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो लमेत्र यांनी टोल बिघडलेल्या चिलटांना बुरशीची लागण केली. ती काही दिवसांत मेली. मेलेल्या चिलटाच्या अंगावर बुरशीची जावळं उगवलेला फोटो जगभर गाजला. दोन वर्षांनी अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांना उंदरात टोलचा भाऊबंद सापडला. तो माणसातही आहे. जंतू शरीरात शिरल्याची पहिली वर्दी तो देतो. २०११चं नोबेल हॉफमन आणि ब्यूटलर यांना मिळालं, सोबत राल्फ स्टाइनमन यांनाही. प्रयोग हाताने केलेल्या लमेत्र यांना मिळालं नाही, आणि त्यांनी ते जाहीरपणे बोलून दाखवलं. मला विचाराल तर त्यांनी बोललं ते बरंच केलं.

याचा आपल्याला काय उपयोग? गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाविरुद्ध सर्व्हारिक्स नावाची एक लस निघाली. तिच्यात एक पदार्थ मुद्दाम घातलेला आहे. तो आपल्या पेशींवरच्या याच टोलच्या भाऊबंदाला जागं करतो, म्हणजे शरीर लशीची दखल जोरात घेतं.

आणि काम आपल्या देशातही चाललं आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने एका जनुकाचा अभ्यास केला. त्याचं नाव ‘असृज’, म्हणजे संस्कृतमध्ये रक्त. हे जनुक नसलेल्या अळीच्या ग्रंथीत कच्च्या पेशी राखीव राहतच नाहीत, वेळेआधीच पिकून जातात.