आठवणीतून उतरलेला नकाशा

कॅनडातल्या मलीन तलावाकाठी उभी राहिले आणि मला आधी आठवला सॅम्सन बीव्हर. स्टोनी जमातीच्या या माणसाने लहानपणी वडिलांबरोबर हे पाणी पाहिले होते. त्या एका आठवणीवर त्याने या तलावाच्या शोधात असलेल्या मेरी शेफर यांना नकाशा काढून दिला.

१९०८च्या उन्हाळ्यात तो नकाशा घेऊन शेफरबाई घोड्यांवरून निघाल्या. बिली वॉरन आणि सिड अनविन हे वाटाडे सोबत होते. सकाळी तंबू-शिधा घोड्यांवर लादायचा, संध्याकाळी उतरवायचा. मध्ये नद्या, पडलेली झाडे, चिखल. अखेर अनविन एका डोंगरावर चढला आणि त्याला तलाव दिसला.

‘शोध’ शेफरबाईंच्या नावावर लागला. मी मात्र त्या काठावर हात जोडले ते बीव्हरच्या स्मरणशक्तीला.