वऱ्हाडच्या लेकीचा प्रश्न

आम्ही अकोल्यास जठारपेठेंत राहतों. संध्याकाळीं ओट्यावर चार मंडळी जमली म्हणजे कापसाचा भाव, निवडणुका, मुलांचीं लग्नें यांविषयीं मोकळेपणानें बोलणें होतें. परंतु विवाहाबाहेरील स्त्रीपुरुषसंबंधाची गोष्ट निघाली कीं आवाज आपोआप खालीं येतो, आणि बोट मात्र मुलीकडेच वळतें. ही रीत जुनी आहे. पण तिला छापील ग्रंथांतून जाब विचारणारी एक स्त्री आमच्याच वऱ्हाडांत, बुलढाण्यास, होऊन गेली, याचें स्मरण फार थोड्यांस असतें.

१८८१ सालीं सुरतेच्या विजयलक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. प्रथम तिला फांशीची शिक्षा झाली; पुढें ती कमी होऊन अखेर पांच वर्षांवर आली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या स्वैरपणावर टीकेचा भडिमार सुरू झाला. त्यास उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यास छापविला. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे हे सरकारी कचेरींत कारकून. मुलीस त्यांनीं घरींच शिकविलें.

ताराबाईंचा प्रश्न साधा होता. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथीं मारले जातात, ते पुरुषांत नाहींत काय? बायको मरतांच पुरुषानें दुसरी करावी, आणि नवरा मेला तर स्त्रीनें जन्मभर तोंड लपवावें, हा कोठला न्याय? तिला मोहांत पाडून मग वाऱ्यावर सोडणारा कोण?

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता. आणि वऱ्हाडांतील अनेक जातींत पाट लावण्याची चाल तर पूर्वापार होती. म्हणजे एकाच गांवांत एका घरच्या विधवेस दुसरा संसार मोकळा, तर शेजारच्या वाड्यांतील विधवेस तो महापातक! तेव्हां ज्यास आपण धर्म म्हणत होतों, त्यांत जातीच्या प्रतिष्ठेचा भाग किती होता, हें उघड दिसतें. बालविवाहानें बालविधवा निर्माण होत, आणि प्रतिष्ठेपायीं त्यांचीं मुलें प्राणांस मुकत. हें ओळखूनच जोतीराव फुल्यांनीं १८६३ सालीं पुण्यास आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, आणि तेथें जन्मलेल्या एका विधवेच्या मुलास दत्तक घेऊन त्यास यशवंत हें नांव दिलें. ताराबाईंवर टीका झाली तेव्हां १८८५ सालीं ‘सत्सारां’त त्यांची बाजू घेणारेही जोतीरावच. पण पुढें तो ग्रंथ विस्मृतींत गेला, स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं तो पुन्हां छापला, तेव्हां महाराष्ट्रास त्याची ओळख पटली.

मध्यंतरीं प्रश्न आणखी खोल गेला होता. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. समलिंगी आकर्षणासारख्या ज्या शंका घरांत उच्चारतां येत नसत, त्या वाचकांनीं त्यांस लिहून विचाराव्या आणि त्यांनीं शास्त्राच्या आधारें उत्तर द्यावें, हा क्रम. त्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ सालीं डॉ. आंबेडकरांनीं कर्व्यांचें वकीलपत्र घेतलें, परंतु दंड टळला नाहीं. समलिंगी संबंधांवरील कायद्याचा बडगा सर्वोच्च न्यायालयानें दूर केला तो २०१८ सालीं.

कायदा बदलला, ओट्यावरील कुजबूज अद्याप सरली नाहीं. आपल्या मुलीचें पाऊल चुकलें असें आपणांस वाटलें, किंवा मुलाचें मन निराळें आहे असें कळलें, तर तीं प्रथम आपल्याकडे येतील कीं आपल्यापासून लपतील? विजयलक्ष्मीस येण्याजोगें एकही दार नव्हतें. आपलें दार उघडें आहे कीं नाहीं, एवढें ज्यानें त्यानें आज रात्रीं घरीं जाऊन पाहावें.