शेंदूर, सफेता आणि आमची खिडकी

ताईचं बाळ सव्वा वर्षाचं झालंय. मे महिन्यात दोघं महिनाभर आमच्याकडे राहायला येणार, म्हणून खिडक्या रंगवायचं काम मी अंगावर घेतलं. (पेंटरने सांगितलेला आकडा ऐकून कुणीही घेतलं असतं!) बिल्डिंग १९७४ सालची. लाकडी खिडक्या, आणि त्यांवर दर पाच-सात वर्षांनी चढवलेला ऑइलपेंट. शनिवारी सकाळी पॉलिश पेपर घेऊन बसलो. वरचा पांढरा गेला, खाली आकाशी, मग पोपटी, मग सरकारी कचेरीतला करडा आणि अगदी लाकडाला चिकटून पिवळा. उत्खननाची मजा येत होती. तासाभरात केसांत, नाकात, चहाच्या कपात सगळीकडे भुकटी. मग सवयीने गुगल केलं आणि पेपर खाली ठेवला.

त्या भुकटीत शिसं असायची दाट शक्यता होती.

आपल्याला ही मंडळी नवीन नाहीत. मारुतीचा शेंदूर म्हणजे पारंपरिक अर्थाने शिशाचं ऑक्साइड. सफेता म्हणजे शिशाचं कार्बोनेट. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून ती भांडी शेणखतात गाडायची, की काही आठवड्यांनी पत्र्यांवर पांढरा थर चढतो. तो जवसाच्या तेलात घोटला की झाला रंग. टिकाऊ, दाट, पाण्यापावसाला दाद न देणारा. शिवाय पिवळ्या-नारिंगी ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट, आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार. माझा तो तळाचा पिवळा आठवून पोटात गोळा आला.

आता इतिहास. बेंजामिन फ्रँकलिन १७२४ मध्ये लंडनच्या छापखान्यात काम करत होता. थंडीत शिशाचे खिळे शेकोटीपाशी गरम करून जुळवायचे, हाताला बरं वाटायचं. एका जुन्या कामगाराने त्याला सांगितलं, असं करू नकोस, हात कामातून जातील. १७८६ मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, त्याने एका मित्राला हे सगळं पत्रात लिहिलं. त्याची खंत अशी, की ही गोष्ट साठ वर्षांपासून माहीत आहे आणि तरी कुणी मनावर घेत नाही.

साठ! बिचाऱ्याला पुढचं माहीत नव्हतं.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये लॉकहार्ट गिब्सन नावाचा डोळ्यांचा डॉक्टर होता. तिथल्या मुलांमध्ये शिशाची विषबाधा दिसत होती, पण शिसं येतंय कुठून ते कळेना. तिथली घरं लाकडी, पुढे व्हरांडा, व्हरांड्याला रंगवलेला कठडा. कडक उन्हाने रंगाची भुकटी होते, ती हाताला चिकटते, आणि मुलं बोटं चोखतात, नखं खातात. १९०४ मध्ये त्याने हे छापलं. डिबगिंगचा इतका सुंदर नमुना मी क्वचित पाहिलाय! पण क्वीन्सलँडमध्ये मुलांच्या हाताला लागेल अशा जागी शिशाच्या रंगावर बंदी यायला १९२२ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामातून सफेता हद्दपार करणारा करार केला होता.

अमेरिका त्यात नव्हती. तिथल्या नॅशनल लेड कंपनीचं बोधचिन्ह होतं हातात ब्रश घेतलेला डच मुलगा, आणि १९२०च्या दशकात ही कंपनी मुलांसाठी चित्रं रंगवायच्या पुस्तिका वाटत होती. तिथे घरगुती रंगांवर बंदी आली १९७८ मध्ये. आणि आपल्याकडे? बंधनकारक मर्यादा, दहा लाख भागांत ९० भाग, ठरवणारे नियम नोव्हेंबर २०१६ मध्ये निघाले आणि वर्षभराने लागू झाले. तोवर सगळं ऐच्छिक. गिब्सननंतर ११३ वर्षं. म्हणजे आमच्या खिडकीचे पाचही थर त्याआधीचे.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, तू याच खिडकीत बसून वाढलास. काय झालं तुला?"

यावर आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावर वेगळा लेख होईल. :-)

पण उत्तर द्यायलाच हवं होतं. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषतं, आणि मेंदू घडत असतानाच ते नुकसान करतं. त्याची कुठलीही पातळी सुरक्षित मानत नाहीत. मुख्य म्हणजे शाबूत थर फारसा त्रास देत नाही, भुकटी देते. ती उडवायचं काम मी सकाळपासून नेमाने करत होतो.

मग कार्यक्रम बदलला. जिथे रंग घट्ट होता तिथे हात लावला नाही, वरून नवा हात मारायचं ठरलं. झडप आणि चौकट जिथे घासतात तिथे मात्र काढणं भाग, कारण रोजची उघडझाप म्हणजे रोजची भुकटी. तिथे पाणी फवारून, वॉटर पेपरने, ओलं ठेवून घासलं. खाली प्लास्टिक, तोंडाला साधा रुमाल नाही तर बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क. झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसणं. कपडे वेगळे धुतले. ब्लो लँप लावून रंग जाळायचा सल्ला शेजारच्या काकांनी दिला होता, पण त्याने शिशाच्या वाफा होतात. काकांना नम्रपणे चहा दिला.

उरलेल्या सामानाचं काय? टर्पेंटाइन बाटलीत भरून ठेवलं, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. उघड्यावर पसरून वाळवा. अर्धा डबा ऑइलपेंट झाकण घट्ट करून ठेवलाय, मोरीत ओतायचा नाही. रंगाच्या डब्यांना २०१६च्या घनकचरा नियमांत 'घरगुती घातक कचरा' असं स्वतंत्र नाव मिळालं, ओल्या-सुक्यात ते टाकायचे नाहीत.

घंटागाडीवाल्या दादांना खरवडलेल्या रंगाची बांधलेली पिशवी दाखवली, नियम सांगितला. ते म्हणाले, "सुक्यात टाका ना साहेब." टाकली नाही. वॉर्ड ऑफिसला दोन फोन झालेत. पिशवी आणि डबा सध्या माळ्यावर, बाळाच्या हाताबाहेर. ताई एकवीस तारखेला येतेय.