परक्यांची शुश्रूषा

शुश्रूषेचे शिक्षण रुग्णालयात होते, हा समज रूढ असला तरी तो अर्धाच खरा आहे. घरदार सोडून परमुलखात आलेला मनुष्य दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी दहादा विचार करतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्याची विद्या कोठे शिकावयाची?

१८९८ च्या ऑगस्टमध्ये हुबळीकडून आगगाडीने प्लेग बंगळूरात आला. लोक पेठा सोडून पळाले, छावण्या पडल्या. मल्लेश्वरम् व बसवनगुडी या वसाहतींना याच संकटाने वेग दिला. १९०० साली व्हिक्टोरिया रुग्णालय उघडले. परंतु इमारतीबरोबर विश्वास उभा राहतोच असे नाही. हे पुण्याने १८९७ सालीच अनुभवले होते. गोऱ्या सोजिरांच्या घरझडतीमुळे तेथे लोक रोगी लपवू लागले. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने १० मार्च रोजी निवर्तल्या. पुढे १९०९ साली निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, समाजाने हलके मानलेल्या या कामाचे रीतसर शिक्षण स्त्रियांना ससून रुग्णालयात देवविले.

तरीही खाटेपाशी मिळणारे शिक्षण पुरे पडत नाही, हे १९७१ साली बनगावच्या निर्वासितांनी दाखविले. पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून ठेवविले व ते पाजण्याचे काम रोग्यांच्या नातलगांवर सोपविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. शुश्रूषा करणाऱ्याने शिक्षकही व्हावे लागते, हा त्याचा अर्थ होय.

आज बंगळूर हे परिचर्याशिक्षणाचे मोठे केंद्र आहे. केरळातून व ईशान्येकडून आलेल्या विद्यार्थिनींना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वस्त्यांतून जावे लागते. तेथे रायचूर, बिहार, ओडिशा, बंगाल येथून आलेली मजुरांची कुटुंबे राहतात. विद्यार्थिनीही परकी, रोगीही परका! लसीची तारीख समजावून सांगावयाची तर तिला आधी चार शब्द त्याच्या भाषेतले शिकावे लागतात. पुष्कळदा हा भाग हजेरीपुरता उरकला जातो. मग नोंदवही भरते आणि मूल लसीवाचून राहते.

बदलीच्या गावी ताप भरल्यावर दुखणे कोणत्या भाषेत सांगावे, ही अडचण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आपल्या हाती निदान पगार व ओळखपत्र असते. ज्याच्या हाती तेही नाही, त्याच्या दारात घेतलेला धडाच परिचारिकेची खरी परीक्षा होय.