'सेल्फ' मारला, पण गाडी घुर्र... घुर्र...

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटे पाचला आजोबांना डायलिसिसला न्यायचं होतं. चावी फिरवली, तर इंजिन दमल्यासारखं घुर्र... घुर्र... करून थांबलं. बॅटरी चारच महिन्यांची. शेवटी रिक्षा केली. रिक्षात आजोबा म्हणाले, "आमच्या अँबेसेडरला हँडल होतं रे. फक्त अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर गेला!"

हे 'गेला' अगदी खरं आहे. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटं फिरायचं आणि हँडल हातावर नाहीतर तोंडावर आदळायचं. 1908 मध्ये अमेरिकेत बायरन कार्टर हे मोटार बनवणारे गृहस्थ वारले. बंद पडलेल्या गाडीला हँडल मारताना झालेली इजा त्यांना भोवली, असं सांगतात. ते कॅडिलॅकच्या हेन्री लेलँड यांचे मित्र. लेलँड यांनी मग हे हँडल घालवायचंच ठरवलं, अशी ती गोष्ट.

काम आलं चार्ल्स केटरिंग या इंजिनियरकडे. त्याने आधी कॅश रजिस्टरला, म्हणजे दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला, विजेची मोटर बसवली होती. इंजिन फिरवायला लागेल एवढी मोठी मोटर गाडीत मावणारच नाही, असं लोकांना वाटायचं. केटरिंगचा मुद्दा साधा होता: मोटर दिवसभर थोडीच चालवायचीय? काही सेकंद तिच्यावर जबरदस्त लोड टाकला तरी ती जळत नाही. (मला तर हे ऐन सेलच्या दिवशी सर्व्हरवर येणाऱ्या ट्रॅफिकसारखं वाटतं.) 1912 च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर आला. स्टार्ट करताना 24 व्होल्ट, दिव्यांना 6, आणि तीच मोटर नंतर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र 1919 उजाडलं.

आता आपल्या गाडीकडे. 'काही सेकंद प्रचंड करंट' हीच आयडिया आजही आहे आणि गोची तिथेच होते. समजा 200 अँपिअर वाहतायत आणि वाटेत फक्त 0.01 ओहम रेझिस्टन्स आला. 200 गुणिले 0.01, म्हणजे 2 व्होल्ट वाटेतच गायब! हेडलाइटला कळणारही नाही, कारण तो थोडासाच करंट घेतो. म्हणून 'लाइट तर झकास लागतोय' यावर विसंबू नका.

संध्याकाळी मल्टिमीटर काढला. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. भावाला सांगितलं, गाडी न्यूट्रलला टाक, हँडब्रेक ओढ आणि सेल्फ मार. तेव्हा बॅटरी 10 च्या वरच राहिली, म्हणजे ती निर्दोष. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनच्या धातूला लावली. परत सेल्फ. 1.8 व्होल्ट! तिथे अर्धासुद्धा यायला नको.

इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला. आणि मी सकाळपासून नव्या बॅटरीच्या किमती बघत बसलो होतो!

गुरुवारी पहाटे आजोबा पुढच्या सीटवर बसले. चावी फिरवायच्या आधी मी उगाचच त्यांच्याकडे पाहिलं. अर्ध्या सेकंदात स्टार्ट.